निळी नखं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात मी सुपरवायझर असताना पाइप गळून एका कामगाराच्या अंगावर ॲनिलिन हे रसायन सांडलं. तासाभराने तो म्हणाला, "सायेब, बरं वाटत नाय, दम लागतोय. नखं बघा, निळी झाली." "रंगाच्या कारखान्यात गुलाबी होणार का? साबणाने घास," मी म्हणालो. सगळे हसले, तोही. घासता घासता तो मोरीत कोसळला, तेव्हा ओठही निळे पडले होते. डॉक्टर म्हणाले, "हे कातडीतून भिनलं की रक्त प्राणवायू नेईनासं होतं. उताऱ्याचं इंजेक्शन लगेच लागतं. उशीर का केला?" "त्याने सांगितलंच नाही," मी म्हणालो. तो वाचला. तो शुद्धीवर येताच त्याची बायको त्याच्यावर ओरडली, "सांगाला तोंड नव्हतं काय तुमाला?" त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्याने वेळेवर सांगितलं होतं, हे तिला सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.