पायाची फिल्लम

डॉक्टरांनी रबरी हातोडीनं माझ्या गुडघ्याखाली तिसऱ्यांदा ठोकलं. पाय हलला नाही. मी डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत होतो आणि माझी बायको सुमन माझ्या पायाकडं. मी नेहमीसारखा आळस करतोय, असंच तिला अजून वाटत होतं.

"गुलियाँ-बारे सिंड्रोम," डॉक्टर म्हणाले.

मी भूगोलाचा मास्तर. मला ते फ्रान्समधल्या एखाद्या गावाचं नाव वाटलं. गावात काय पिकतं, एवढंच विचारायचं राहिलं.

डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. "शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा असते. ती चुकून आपल्याच नसांवर हल्ला करते. वायरवरचं रबर निघावं तसं नसांवरचं आवरण निघतं. मग मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचत नाही."

"बरं होतं का?" सुमननं विचारलं.

"बहुतेकांना होतं. हा आजार पायाकडून वर चढतो आणि जाताना वरून खाली उतरतो. त्यामुळं पाय सगळ्यात शेवटी. काहींचे पंजे राहून जातात."

हे मिरजेला, दिवाळीच्या थोडं आधी. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो. वर्गात येरझाऱ्या घालत शिकवणं, एवढीच माझ्याकडं कला होती. बसून शिकवलेला भूगोल पोरं ऐकत नाहीत. म्हणजे माझ्यापुरता प्रश्न एकच होता, पंजे येणार की राहून जाणार.

ज्यांच्या घरी हा आजार येईल त्यांच्यासाठी सुरुवात सांगून ठेवतो. आधी दोन दिवस जुलाब झाले, आणि ते मी एका लग्नातल्या बासुंदीच्या नावावर टाकले. पंधरा दिवसांनी पायाच्या बोटांना मुंग्या आल्या. मग एका संध्याकाळी मंडईतून येताना माझी डावी चप्पल पायातून निघाली आणि मी तसाच पुढं चालत राहिलो. भाजीवाली ओरडली, "ओ सर, एक पाय उघडाच हाय की तुमचा!" मी हसलो. ती हसली. हसण्यात रात्र गेली आणि सकाळी मोरीतल्या पाटावरून मला उठता येईना. तुमच्यावर अशी वेळ आली तर हसू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडं जा.

मिरजेत पहिल्या दिवशी लम्बर पंक्चर केलं. म्हणजे कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन निजायचं आणि पाठीच्या मणक्यांमधून सुईनं थोडं पाणी काढून घ्यायचं. ऐकायला भयंकर वाटतं. प्रत्यक्षात टाचेत बाभळीचा काटा मोडतो त्याहून कमी दुखतं. त्यानंतर मात्र दिवसभर उताणं पडून राहावं लागतं.

दुसरी तपासणी फार साधी होती आणि मला तिचीच भीती वाटायची. दर चार तासांनी डॉक्टर येत आणि म्हणत, "मोठा श्वास घ्या आणि एका दमात आकडे मोजा." आजार छातीपर्यंत चढला तर श्वासाचे स्नायू थकतात, आणि ते या मोजणीत कळतं. पहिल्या दिवशी मी अठ्ठावीसपर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी तेवीस. मग एकोणीस.

"पंधराच्या खाली आलात तर मशीन लावू," डॉक्टर म्हणाले. भाजी संपली तर आमटी वाढू, असा त्यांचा सूर होता. त्या सुरानंच मला धीर आला.

सतरावर दोन दिवस अडकलो. तिसऱ्या दिवशी अठरा झाले. सुमन बाहेर जाऊन रडून आली आणि चहा प्यायला गेले होते म्हणाली. तिच्या हातात कप नव्हता.

पाच आठवड्यांनी कोल्हापूरला घरी आलो. हात आले होते, गुडघे थोडे आले होते. घोट्याच्या खाली दोन्हीकडं काहीच नव्हतं. याला फूट ड्रॉप म्हणतात. पंजा उचलला जात नाही, वाळत घातलेल्या मोज्यासारखा लोंबतो. व्यायामवाल्या बाईंनी सांगितलं होतं, रोज तीन वेळा, दर वेळी वीसदा पंजा वर उचलायचा प्रयत्न करायचा. उचलला नाही तरी करायचा.

माझी कॉट बाहेरच्या खोलीत मांडली. आमच्याकडं आजारी माणसाला भेटायला न येणं हा मोठा अपमान असतो, त्यामुळं सगळे आले. शहाळी आली, पांढरा रस्सा आला, आणि प्रत्येकाबरोबर एक औषध आलं. एकानं कबुतराचं रक्त सुचवलं. सुमननं त्याला चहाही दिला नाही.

यावर उपाय काढला सुमनच्या धाकट्या भावानं, विलासनं. त्याची उद्यमनगरात फौंड्री आहे. साच्याचं मशीन बघायला तो स्पेनला जाऊन आला होता. एका रविवारी त्यानं आपला व्हीसीआर आमच्या टीव्हीला जोडला आणि कॉटवरून माझा हात पोचेल असा ठेवला.

"दाजी, तिथल्या कंपनीनं दोन कॅसेटी दिल्यात. एक मशीनची हाय, एक नाचाची. तुमास्नी नाचाची आणलीया."

"ज्याचे पाय गेलेत त्याला नाच दाखवतोस?"

"मग मशीनची बघता का?"

कॅसेटच्या पाठीवरचा फ्लामेंको एवढाच शब्द मला वाचता आला. स्पेनबद्दल मी वीस वर्षं पोरांना ऑलिव्ह, संत्री आणि पाऱ्याच्या खाणी सांगत होतो. ही माणसं गातात, हे पुस्तकात नव्हतं.

आधी पडद्यावर आडव्या रेघा नाचल्या. विलासनं बटण फिरवल्यावर त्या खाली गेल्या आणि एक खोली दिसली. चार लाकडी खुर्च्या. एका खुर्चीवर गिटारवाला, शेजारी काळ्या सदऱ्यातला टक्कल पडलेला गृहस्थ, दोघं नुसते टाळ्या वाजवणारे. टकल्या गृहस्थानं डोळे मिटले, मूठ आवळली आणि आवाज लावला.

सुमन स्वयंपाकघरातून आली. "गातोय का दाढ दुखतीया त्याची?"

खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मलाही दाढच वाटली. पण माझ्याकडं वेळ भरपूर होता आणि उठून जायची सोय नव्हती. तिसऱ्यांदा बघताना मी त्याचा श्वास मोजला. आकडे मोजायची सवय लागलीच होती. एका दमात तो एक शब्द घ्यायचा, तो वळवायचा, पिळायचा, आणि माझे बावीस आकडे होईपर्यंत सोडायचा नाही. शब्द मला कळत नव्हता. पण दम कुठं संपत आलाय आणि तरी तो का थांबत नाही, हे मला चांगलं कळत होतं. मिरजेत मी याहून कमी दमावर पडून होतो.

मग नाचणारी आली. मला वाटलं होतं कोणीतरी तरणीताठी असेल. ही माझ्या मोठ्या बहिणीच्या वयाची, अंगानं भरलेली, कपाळाला आठी. कामवालीवर रागावल्यासारखी उभी राहिली. कितीतरी वेळ हललीच नाही. मग टाच, पंजा, टाच. गिटारवाला तारांकडं बघायचाच नाही, तिच्या पायांकडं बघायचा. ती थांबली की तो थांबायचा. ती इतक्या जलद पाय आपटायची की टाळ्यावाले मध्येच ओरडून तिला शाबासकी द्यायचे.

"आपल्या शाहिराच्या मागचं झीलकरीच की हे," विलास म्हणाला.

त्यांचा ताल बाराचा होता. हे कळायला मला आठवडा लागला, कारण ठोका भलत्याच ठिकाणी पडायचा. मी कॉटच्या लोखंडावर बोटानं तो ताल धरू लागलो. सुमन म्हणायची डोकं उठतं, आणि भाजी निवडताना स्वतः तोच ताल चमच्यानं धरायची. एकदा मी कॅसेट लावली नाही तर म्हणाली, "लावा की त्या आठीवालीची. घर कसं मेल्यासारखं झालंय."

भेटायला येणारेही आता माझ्याकडं बघायचे सोडून टीव्हीकडं बघायला लागले. कबुतरं वाचली.

एवढ्यात एक चूक झाली, आणि ती माझी. सुमनची मावशी मुरगूडहून आली. मी तेव्हा पंजाला पट्टा अडकवून हातानं वर ओढत होतो आणि टीव्हीवर त्या बाईचे नुसते पाय दिसत होते, टाच, पंजा, टाच. मावशीनं दोन्हीकडं आळीपाळीनं बघितलं.

"कुणच्या डाक्टरनं दिलीया रं ही फिल्लम?"

"स्पेनच्या," मी म्हणालो. मावशी हसेल असं मला वाटलं. ती हसली नाही. तिनं मान डोलावली आणि गावाकडं गेली.

त्यानंतर माझे वाईट दिवस आले. व्यायाम चालू होता आणि पंजे तसेच होते. एके सकाळी मी पट्टा सोडला आणि परत बांधला नाही. सुमननं विचारलं तर, दुपारी करीन म्हणालो. असे नऊ दिवस गेले. कॅसेट मात्र रोज बघत होतो. माणूस हरतो तेव्हा मोठं काही घडत नाही, तो नुसता दुपारी करीन म्हणतो.

दहाव्या दिवशी दारात एक जोडपं उभं राहिलं. नवरा काठीवर, डावा पाय ओढत. बायकोच्या हातात गुळाची ढेप.

"गुरुजी हाईत का? मुरगूडच्या म्हातारीनं सांगितलं. ती पायाची फिल्लम बघाय आलोय."

त्यांचं नाव दादू आण्णा. वर्षामागं त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. माझ्या नसांचा आजार आणि त्यांचा मेंदूचा, दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोन एसट्या बदलून ती दोघं आली होती. सुमननं माझ्याकडं असं बघितलं की मला नसा नसत्या तर बरं झालं असतं.

मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. पण आण्णा खुर्चीत बसलेसुद्धा होते आणि काठी बाजूला ठेवून पडद्याकडं तोंड केलं होतं. मी कॅसेट लावली. भित्रा माणूस दुसरं काय करणार?

टकल्याचं गाणं सुरू झालं तशी आण्णांच्या बायकोनं पदर डोळ्याला लावला. "कोण गेलं असंल त्येचं?"

मग आठीवाली आली. आण्णा पुढं सरकून बघत राहिले. थोड्या वेळानं त्यांची डावी टाच फरशीवर हलली. उचलली गेली नाही, नुसती घासली. परत घासली. त्यांच्या कपाळावर घाम आला.

मला राहवेना. मी बटण दाबून कॅसेट थांबवली. "आण्णा, माझं चुकलं. ही औषधाची फिल्लम न्हाय. ही बाई नाचणारी हाय. मी मावशीची चेष्टा केली हुती."

आण्णांनी शांतपणे काठी जवळ घेतली.

"ते आमास्नी कवाच कळलं की. लुळी बाई असली नाचतीया व्हय?" ते म्हणाले. "पर बगून पाय हलवावा वाटला. ह्ये खरं का न्हाय?"

"खरं."

"तुमी रोज किती येळा हलवता?"

मी सुमनकडं बघितलं. तिनं मला सोडवलं नाही. "नऊ दिवस झालं, न्हाय हलवला," मी म्हणालो.

"मग फिल्लम काय आमच्यासाठनं लावलीया व्हय, गुरुजी?"

आण्णांची बायको म्हणाली, "आवो, आजारी मानसाला असं बोलत्यात व्हय?"

"मी बी आजारीच हाय की."

तो पट्टा सुमननंच आणून माझ्या पंजाला बांधला. जरा जास्तच आवळून. आण्णांनी काठीनंच बटण दाबून कॅसेट परत चालू केली. आम्ही दोघं सत्तेचाळीस आणि साठ वर्षांचे बाप्ये शेजारी शेजारी बसून, स्पेनच्या एका बाईच्या मागं पाय घासत होतो. गिटारवाल्यानं आमच्याकडं बघितलं असतं तर गिटार खाली ठेवली असती.

जेवून ते निघाले. जायच्या आधी सुमननं विलासला बोलावून घेतलं. त्यानं त्यांना गाडीतून व्यायामवाल्या बाईंकडं नेलं आणि त्यांच्यासाठीचे व्यायाम लिहून घेतले. असं कुणी आलं तर त्याच्या आजाराचा व्यायाम त्यालाच द्यावा, आपला देऊ नये, एवढं इथं सांगतो.

त्यानंतर मी दुपारी करीन म्हणालो नाही. बाराच्या तालात वीस वेळा बसत नाही, म्हणून चोवीस वेळा करायला लागलो. पंजा हलत नव्हता, म्हणून सगळा व्यायाम नुसता मनातच होत होता. फेब्रुवारीत एका दुपारी उजव्या पायाचा अंगठा हलला. मी कुणाला बोलावलं नाही, कारण परत हलला नाही तर पंचाईत. परत हलला. मग बोलावलं.

बाकीचं थोडक्यात सांगतो. उजवा पंजा उन्हाळ्यात पूर्ण आला. डावा निम्मा आला आणि तिथंच थांबला. बुटात एक पट्टी घालून तो वर धरतात, तिला स्प्लिंट म्हणतात. चालताना डावीकडं सपकन् आवाज होतो. जूनमध्ये शाळेत गेलो. निम्मा तास उभा, निम्मा बसून. बसलेल्या निम्म्यात पोरं ऐकत नाहीत, हे खरंच निघालं. स्पेन आला की ऑलिव्ह आणि संत्री अजून सांगतो, पण पाऱ्याच्या खाणीआधी बाराचा ताल डस्टरनं टेबलावर वाजवून दाखवतो. परीक्षेत कुणी विचारत नाही.

लोक विचारतात, आजारानं काय शिकवलं? मी फार काही शिकलेलो नाही. डॉक्टरांचे, व्यायामवाल्या बाईंचे उपकार आहेत. सुमनचे मोजत नाही. आणि आपल्याला अजिबात न कळणाऱ्या भाषेतला एक माणूस मन लावून काही करत असला, तर ते बघत बसणं हा वेळ वाया घालवणं नाही, इतपत माझी खात्री झाली आहे.

ऑगस्टमध्ये, आजारानंतर पहिल्यांदाच एसटीनं, मी आणि सुमन मुरगूडला आण्णांकडं निघालो. आण्णांचा निरोप आला होता, काठी आता नुसती कुत्र्यांसाठी लागते म्हणून. गाडीची पहिली पायरी उंच असते. मी दांडा धरला, उजवा पाय वर ठेवला आणि डावा कुठून आणावा याचा विचार करत राहिलो. मागं माणसं खोळंबली.

"ओ पावणं!" कंडक्टर आतून ओरडला. "चढताय का नाचताय तितं? आवरा की जरा!"

सुमन त्याला सुनवायला निघाली. मी तिला थांबवलं. जवळपास वर्षभर सगळी माणसं माझ्याशी हळू आवाजात, सावकाश बोलत होती. आवरा, असं मला कुणी म्हणालं नव्हतं.

डावा पाय ओढून वर घेतला. आत रिकाम्या जागा होत्या. सुमन खिडकीशी बसली आणि शेजारची जागा थोपटून बोलावू लागली. मी वरचा दांडा धरून वाटेतल्या कागलपर्यंत उभाच राहिलो.