लेकुरवाळी

आमच्या उंब्रजकडं आखाडात ओढ्याला खेकडे निघायचे. हाती लागलेला खेकडा आई उताणा करायची आणि पोटाखालची झडप उचलून बघायची. आत मोहरीएवढी पिल्लं बिलगलेली दिसली, की घरात कितीही भूक असो, ती मादी परत पाण्यात जायची. "लेकुरवाळी हाय, सोडा तिला," आई म्हणायची.

एकाहत्तरच्या लढाईत माझा थोरला भाऊ गेला. भरतीला त्याला आईनंच ओवाळून धाडलं होतं. पुढच्या आखाडात ओढा कसाबसा वाहत होता. आईच्या हाताला एक लेकुरवाळी लागली. झडप उचलून ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिला पाण्यात ठेवत म्हणाली, "घट धर गं त्यास्नी. मोठी झाली तरी सोडू नगंस."