पोच न घेतलेली फाइल

माझ्या बाबांची पस्तीस वर्षं दिल्लीत, केंद्र सरकारच्या एका खात्यात गेली. तेवढ्या काळात त्यांनी एक कागद पोच घेतल्याशिवाय कुणाला दिला असेल तर शपथ. ‘मूळ कागद मिळाले’ असं लिहून खाली सही आणि तारीख, ही त्यांची पोच. शाळेत माझ्या सहलीच्या संमतीपत्राचीसुद्धा त्यांनी बाईंकडून पोच मागवली होती, आणि मी भर वर्गात लाजेने अर्धमेली झाले होते. आई म्हणायची, पोरीची पाठवणी करतानाही हा माणूस पोच मागेल.

आणि आयुष्यात जेव्हा खरोखर गरज होती, तेव्हा नेमकी ती आम्ही घेतली नाही. का, तर समोरची बाई मराठी होती.

मी गुरुग्रामच्या एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयूची नर्स. नऊ वर्षं झाली होती आणि मला आयर्लंडला जायचं होतं. परदेशी नर्सेस पाठवणाऱ्या एका एजन्सीत गेले, नेहमीप्रमाणे हिंदीत सुरुवात केली. टेबलामागच्या ताईंनी माझं आडनाव वाचलं आणि म्हणाल्या, “अगं, मराठीत बोल की.”

झालं. आम्हा दिल्लीत वाढलेल्यांचं हे जुनं दुखणं आहे. दिवसभर बाहेर हिंदी बोलायचं, आणि परक्या ऑफिसात कुणी ‘अगं’ म्हटलं की विरघळायचं. ताईंनी चहा मागवला, माझं मराठी किती छान आहे म्हणाल्या (बिल्कुल नाहीये, अर्धं हिंदीच आहे), आणि पडताळणीसाठी मूळ कागद लागतील असं सांगितलं. पासपोर्ट, डिग्री, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, सगळ्या मार्कशीट. मी निळी फाइल तशीच्या तशी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती मागच्या लोखंडी कपाटात ठेवली आणि मी खुशीत मेट्रो पकडली.

घरी बाबांचा पहिला प्रश्न अर्थातच पोचेचा. मी म्हटलं, बाबा, मराठी आहेत त्या.

“कुठल्या?”

“साताऱ्याच्या.”

“अच्छा,” बाबा म्हणाले, “मग ठीक आहे.”

आमचं गावही तिकडचंच. पस्तीस वर्षांची शिस्त साताऱ्याचं नाव ऐकून आडवी झाली.

पाच महिने पान हललं नाही. मधे आयर्लंडच्याच एका हॉस्पिटलात थेट अर्ज करायची संधी आली, त्यांना मूळ कागद बघायचे होते. मी फाइल मागायला गेले तर ताईंनी एक छापील कागद पुढे केला. तीन वर्षं या एजन्सीशिवाय कुठेही अर्ज करणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. सही केलीस तर फाइल, नाहीतर फाइल नाही, असं त्यांनी अगदी गोड मराठीत समजावलं. मी सही केली नाही. ती संधी गेली. परतताना मेट्रोत मी सगळ्यांसमोर रडले, आणि ताईंपेक्षा जास्त राग मला माझाच आला होता. तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार? फाइल दिल्याचा साधा चिटोरा माझ्याकडे नव्हता. पोलिसांत जाऊ, बाबा म्हणाले. मग म्हणाले, पण दाखवणार काय? आणि पायात घातलेली चप्पल परत काढून ठेवली. त्यांना तसं हरलेलं मला बघवत नव्हतं.

मुलाखतीला मात्र एजन्सीने मला आवर्जून बोलावलं. आयर्लंडच्या दुसऱ्या एका हॉस्पिटलच्या मेट्रन, म्हणजे नर्सेसच्या प्रमुख, स्वतः येणार होत्या, आणि नऊ वर्षांची आयसीयूवाली दाखवायला यांना हवीच होती. हॉटेलच्या हॉलबाहेर आम्ही सोळा जणी होतो. ताईंनी सगळ्यांना पढवलं. कागद कुठे आहेत असं विचारलं तर घरी आहेत म्हणायचं. तुमची चूक सांगा म्हटलं तर म्हणायचं, मी कामात फार परफेक्शनिस्ट आहे. सोळाही जणींचे कागद त्याच कपाटात होते. कुणी चकार शब्द काढला नाही, मीसुद्धा नाही.

आत मेट्रन बसल्या होत्या. पिकलेले केस, वॉर्डात घालतात तसे सपाट बूट. ताई भिंतीला लागून खुर्चीवर. तीन प्रश्न छान गेले. चौथा तोच आला, तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा, आणि मग तुम्ही काय केलंत?

आमच्या कामात एक रीत आहे. औषध चुकलं, वेळ चुकली, तर जिच्या हातून चुकलं तिनेच फॉर्म भरायचा, आणि त्याच शिफ्टमध्ये. लपवलं तर पेशंट जिवानिशी जाईल. मी नऊ वर्षांत तीनदा भरलाय. त्या दिवशी परफेक्शनिस्ट हा शब्द काही केल्या तोंडातून निघेना.

“मी माझा पासपोर्ट आणि सगळे मूळ कागद पाच महिन्यांपूर्वी या एजन्सीला दिले आणि पोच घेतली नाही,” मी म्हटलं. “आता ते मला परत मिळत नाहीत. ही माझी चूक, आणि ती मी आजच्या शिफ्टमध्ये कळवते आहे.”

मेट्रननी पेन खाली ठेवलं. ताईंकडे मी बघितलं नाही, असं लिहिणार होते, पण खोटं कशाला बोलू? बघितलं, आणि बरं वाटलं. हॉटेलातच असलेले एजन्सीचे मालक धावत आले, सुरक्षिततेसाठी ठेवतो म्हणाले. मेट्रननी विचारलं, अशा किती जणी? एखाददुसरी, मालक म्हणाले. मी उठून दार उघडलं आणि बाहेरच्या मुलींना हिंदीत सांगितलं, ज्यांचे कागद यांच्याकडे आहेत त्यांनी हात वर करा. आधी एका मणिपुरी मुलीचा हात वर गेला, आणि तिच्यामागोमाग बाकीच्या चौदाजणींचे. मेट्रन म्हणाल्या, कागद येईपर्यंत मुलाखती बंद.

तासाभरात ताई स्वतः दोन खोकी घेऊन आल्या. मी खुर्ची ओढून दारातच बसले. प्रत्येकीला फाइल उघडायला लावली, कागद मोजायला लावले, मगच पोच लिहू दिली. एकजण फाइल छातीशी धरून पळत होती, तिलाही परत बसवलं. शेवटी माझा नंबर आला. ताई हळूच म्हणाल्या, “आपल्याच माणसांशी असं वागतात का गं?”

मला वाटलं होतं, हे ऐकून वाईट वाटेल. नाही वाटलं.

“मार्कशीट आठ आहेत, ताई,” मी म्हटलं. “मोजून द्या.”

मुलाखत त्याच दुपारी पूर्ण झाली आणि आठवड्याभरात निवडीचं पत्र थेट हॉस्पिटलकडून आलं. जाईपर्यंत निळी फाइल बाबांच्या कपाटात होती, कुलपात. विमानतळावर, आत शिरायच्या दाराशी, त्यांनी ती पिशवीतून काढून माझ्या हातात ठेवली. मी वाकून नमस्कार केला. वर बघते तर त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला होता, आणि पेन.

मागे रांग लागली होती, सुरक्षा जवान बघत होता, आई हसता हसता डोळे पुसत होती. मी ट्रॉलीवर फाइल उघडली, सगळे कागद मोजले, आणि लिहिलं, मूळ कागद मिळाले. खाली सही केली, तारीख घातली. या वेळी मला जराही लाज वाटली नाही.