बोला, चावा, हसा

आमचे हे एकटेच हसायला लागले, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

तुम्ही म्हणाल, नवरा हसला तर बिघडलं कुठे? अहो, पण हा माणूस हसणाऱ्यातला नव्हेच! कवळ्या बनवतात. मागच्या खोलीत ह्यांचं काम चालतं. कवळी बसवली की गिऱ्हाइकाला तीन हुकूम सुटतात : बोला, चावा, हसा. पोटभर हसताना हलली नाही, तरच ती पास. आणि ते ‘हसा’सुद्धा इतक्या मख्ख चेहऱ्याने सांगतात, की येणारं हसू दारातूनच परत फिरावं.

मी कपडे धुऊन देणाऱ्या दुकानात काउंटरवर असते. कपडे आत पाठवण्याआधी लोकांचे खिसे तपासायचे, हे माझं काम. कुणाच्या खिशात काय काय निघतं, ते मला विचारा! त्यामुळे संशय माझ्या पगारातच धरलाय म्हणा ना.

त्यातून गेल्या वर्षी हिरड्यांच्या दुखण्यात माझे सगळे दात काढावे लागले. ह्यांनीच माप घेतलं, ह्यांनीच कवळी केली. मी बोलून दाखवलं, चावून दाखवलं. ‘हस’ म्हणाले, तेव्हा मात्र रडूच फुटलं. तेव्हापासून हसू आलंच तर तोंडावर हात. कवळी काढायची तीसुद्धा बाथरूमला आतून कडी लावून. बायकोचं बोळकं पाहिल्यावर नवऱ्याला तिच्यात काय गोडी राहणार, हा किडा डोक्यात वळवळत होताच. आणि आता हे हसू!

मी दाराला कान लावला. आधी कानस घासल्याचा आवाज, मग कानस थांबली, आणि मग हे असे खिदळले की काय सांगू! फटीतून बघते तर कानात मोबाइलची ती इवलीशी बोंडं, डोळ्यांत पाणी, आणि हातातली कवळी थरथरतेय.

लेकीला फोन केला. म्हणाली, “आई, बाबा पुस्तक ऐकतायत गं. तो स्टेजवर उभा राहून विनोद सांगतो ना, त्याने स्वतःच्या आयुष्यावर लिहिलंय. वाचलंयही त्यानेच. मीच दिलंय मोबाइलवर टाकून.”

पुस्तक म्हणे ऐकतात! मला काय दूधखुळी समजते ही? बापलेक दोघं सामील आहेत, हे मी तेव्हाच ओळखलं. ह्यांचे खिसे तपासले. काही निघालं नाही, म्हणून तर संशय आणखी वाढला.

रविवारी दुपारी मात्र कळसच झाला. हे बाथरूममध्ये आरशासमोर उभे राहून लाडीगोडीने म्हणत होते, “ऐक ना, एक गंमत सांगतो.” पुन्हा एकदा, आवाज आणखी गोड करून, “ऐक ना गं...”

गं! दार धाडकन ढकललं.

“कोण आहे ती?”

“कोण?”

“जिच्यासाठी ही तालीम चाललीय ती! दात असलेली असेल कुणीतरी!”

ह्यांची ततपप झाली. “अगं, तो... त्या पुस्तकातला किस्सा आहे. त्याचा पहिला कार्यक्रम. हॉलमध्ये एकच माणूस. तो पंखा दुरुस्त करायला आलेला असतो... छे! हे शेवटी सांगायचं होतं. थांब. हॉलमध्ये एकच माणूस. हा तासभर जीव तोडून विनोद सांगतो, तो माणूस एकटक वर बघत असतो. का बघत असतो सांग?”

“पंखा बघायला आलेला असतो म्हणून!”

“हे तुला कसं कळलं?”

इतक्या निरागसपणे विचारलं हो! मला जे हसू फुटलं, ते आवरेना. भिंतीला टेकून हसले. आणि वरची कवळी सटकन खाली आली.

मी झटकन तोंडावर हात घेतला. ह्यांनी तो धरून खाली केला आणि आत निरखून बघायला लागले.

“डावीकडे सैल आहे,” म्हणाले. “वर्षभर तू हसलीच नाहीस, मला कळणार कसं?”

“मग ते पुस्तक मलाच ऐकवायचं होतंत की!”

“तोंड झाकून ऐकलं असतंस. माझ्यासमोर हसायला हवी होतीस.” मग खाली बघत म्हणाले, “तुझं हसू गेल्यापासून मला घरात करमत नाही गं.”

आणि हात पुढे केला. “दे.”

कडी लावलेली नव्हती. भर दुपारचा उजेड होता. मी कवळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

मागच्या खोलीत स्टुलावर बसून ते डावी बाजू नीट करायला लागले. एक बोंड त्यांच्या कानात, एक माझ्या. तो विनोदवाला खरंच पंख्याचाच किस्सा सांगत होता. मी कान देऊन, शब्दन् शब्द पडताळून ऐकलं. तोच किस्सा, पण पठ्ठ्याने ह्यांच्याइतकं काही हसवलं नाही.

“काय, पटलं का आता?” ह्यांनी विचारलं.

“बघू,” मी म्हटलं, आणि बोळक्यानेच हसले.