पालक नको, मेथी!

आमच्या ग्रुपचे किस्से साठतात ते फ्रीजमधल्या वाट्यांसारखे. कालची थोडी उसळ, परवाची चटणी, टाकवत नाही म्हणून ठेवलेलं काहीबाही, आणि एक दिवस दार उघडलं की सगळं अंगावर! माझं तसंच झालंय. कुणी नुसतं "काय सुनंदाताई, काय म्हणतोय तुमचा ग्रुप?" असं विचारायचा अवकाश, मी सुरू होते आणि विचारणाऱ्याचा चहा गार होतो.

तर आमचा ग्रुप म्हणजे आईबापांचा. पिरंगुटला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी आम्ही जमतो. आमच्या मुलांना कागदावर 'बौद्धिक दिव्यांग' म्हणतात, जुनी माणसं आणखी वाईट काहीतरी म्हणायची, आम्ही आपली 'पोरं' म्हणतो. आता पोरं म्हणजे काय, सगळ्यात धाकटं तिशीतलं आणि सगळ्यात थोरलं पन्नाशीला टेकलेलं! माझा केदार चौतिशीचा.

मीटिंगला विषय कायम एकच. आपण गेल्यावर यांचं काय? दुसऱ्या बायकांच्या भिशीत साड्यांच्या गोष्टी निघतात, आमच्याकडे मरणाच्या निघतात. आणि हसतो हो आम्ही! इतकं हसतो की एकदा खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या, "आज कुणाचा वाढदिवस आहे का?"

*

हा प्रश्न आम्हालाच पडतो असं नाही. लोकांना आमच्यापेक्षा जास्त पडतो. लग्नात तर हमखास! माझ्या मिस्टरांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. एका लग्नात शेजारच्या बाईंनी जिलबी तोंडात असतानाच विचारलं, "तुमच्यानंतर याचं कोण करणार हो?"

केदार माझ्या बाजूला बसून जेवतोय. सगळं ऐकतोय. माझं डोकंच सरकलं.

म्हटलं, "आधी तुमच्यानंतर तुमच्या मिस्टरांचं कोण करणार ते बघा. माझ्या पोराला चहा तरी करता येतो!"

बाईंचे मिस्टर समोरच बसले होते. त्यांनी गपकन मान खाली घातली. खरंच येत नसणार.

तोंडाने मी अशी फटकळ, पण खरं सांगू? त्या रात्री मला झोप लागली नाही. बाईंचा प्रश्न काही चूक नव्हता. केदारची मोठी बहीण मृणाल, तिचा संसार, तिची हिंजवडीची नोकरी. माझा भाऊ बार्शीला असतो. तो म्हणायचा, "ताई, तू कशाला टेन्शन घेतेस? मी ठेवून घेईन त्याला." भाऊ जिवाला जीव देणारा आहे, पण तो 'ठेवून घेईन' शब्द काही माझ्या गळी उतरेना. सामान ठेवतात हो, माणूस राहतो! केदारने त्याच्या घरात राहावं, मी असताना आणि मी नसतानाही, एवढंच मला बघायचं होतं.

*

म्हणून आम्ही चार घरांनी मिळून एक घर भाड्याने घ्यायचं ठरवलं. चार पोरं, आणि त्यांच्यासोबत राहायला सोमनाथ. त्याने याच कामाचं ट्रेनिंग घेतलंय. सोमवार ते शुक्रवार पोरांनी तिथे राहायचं, शनिवार-रविवार आपापल्या घरी. सहा महिने जमलं तर मग कायमचं तिकडेच. नाही जमलं तर बाकीच्यांचं त्यांनी बघायचं, केदारला बार्शी.

पण घर मिळतंय कुठे! फोनवर "या की, बघून जा" म्हणणारे मालक, कोण राहणार ते सांगितलं की "अहो, कालच दिली खोली" म्हणायचे. शेवटी जवळच्याच उरवडे गावात हौसाक्का भेटल्या. घरची शेती आहे, आणि घरामागे खोल्यांची चाळ, तिथे कंपन्यांतली पोरं भाड्याने राहतात. मी काहीही न लपवता सगळं सांगितलं. हौसाक्का मिश्री लावत ऐकत होत्या.

"दारू पित्यात?"

"नाही हो."

"भांडनं?"

"टीव्हीच्या रिमोटवरून होतात."

"रातच्याला गानी लावून नाचत्यात?"

"नऊ वाजता झोपतात."

हौसाक्कांनी चूळ भरली. म्हणाल्या, "कंपनीतल्या पोरांनी माज्या दाराच्या कड्या तोडल्या, दोनदा पोलीस आलं. आन् डोक्यानं कमी ही व्हय? मंग अशी आनखी चार आना!"

*

आमच्यात पटवर्धन सर आहेत. रिटायर्ड हेडमास्तर. त्यांचा सुहास चार पोरांतला सगळ्यात मोठा, आणि सगळ्यात कमी बोलणारा. नियम अर्थातच सरांनी केले. "सोमवार ते शुक्रवार एकाही पालकाने उरवड्यात पाऊल टाकायचं नाही. भावनेला आवर घाला!" हे म्हणताना ते माझ्याकडे बघत होते, ते मी विसरलेली नाही.

पहिलाच आठवडा. मंगळवारी सोमनाथ पोरांना घेऊन भाजी आणायला निघाला. समोर चहाच्या टपरीवर एक माणूस बसलेला. भर उन्हाळ्यात कानटोपी, तोंडाला मास्क, आणि पेपर उघडून डोळ्यांसमोर धरलेला!

बाकीची पोरं पुढे गेली. सुहास थांबला. टपरीपाशी गेला, दोन बोटांनी पेपर खाली केला आणि म्हणाला, "बाबा, आज शनिवार नाही."

सर म्हणे, "मी पेपर घ्यायला आलो होतो." सर राहतात भूगावला. तिथून उरवड्याला, पेपर घ्यायला!

सुहासने काही वाद घातला नाही. बाबांचा हात धरला, रस्ता ओलांडून त्यांना बसस्टॉपवर उभं केलं आणि बस येईपर्यंत शेजारी थांबला. बस आल्यावर "टाटा" केलं.

आम्हाला वाटलं, सर आता महिनाभर तोंड दाखवणार नाहीत. छे! पुढच्या मीटिंगला त्यांनीच उभं राहून, छाती पुढे काढून सांगितलं, "माझ्या मुलाने मला हाकललं!" एवढं मोठं वाक्य सुहास त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलला होता. सरांनी सगळ्यांना पेढे दिले.

*

हौसाक्कांच्या चाळीला पाण्याची टाकी एकच. मोटर चालू करायला सगळे पुढे, बंद करायला कुणी नाही. रोज टाकी वाहायची आणि अंगणात तळं व्हायचं. कंपनीतली पोरं कानात गाण्यांची बोंडं घालून बसलेली, त्यांना काय ऐकू येणार!

एक दिवस केदार जेवता जेवता उठला, बाहेर जाऊन बटण बंद केलं आणि परत येऊन जेवायला बसला. कुणी सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग ते कामच त्याचं झालं. कंपनीतली बिहारची पोरंसुद्धा हाका मारायला लागली, "केदारभैया, मोटर!"

एका रविवारी सकाळी हौसाक्कांचा फोन. केदार त्या दिवशी माझ्याकडे होता. मी फोनवर त्यांचं नाव पाहिलं आणि चार रिंग होईपर्यंत उचललाच नाही. का सांगू? केदारवरून आजवर मला खूप फोन आलेत. शाळेतून, पोहण्याच्या क्लासमधून, शेजाऱ्यांकडून. सगळ्यांचं म्हणणं एकच, "तुमच्या मुलाला घेऊन जा."

मी घाबरत घाबरत म्हटलं, "काय झालं आक्का?"

"काय हुतंय! कालपासनं दोनदा टाकी वाहिली. माज्या कोथिंबिरीचा पार चिखल झालाय. पोराला कवा धाडताय?"

"उद्या येईल की."

"उद्या? आन् आजच्या टाकीचं काय करू? तुमी येताय का बटन दाबाया?"

फोन ठेवला आणि मी ओट्याला टेकून उभी राहिले. कवा धाडताय, म्हणाली हो ती बाई! माझ्या पोराला कुणीतरी धाडा म्हणत होतं. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. मग मी मृणालला फोन केला, बार्शीला फोन केला, आणि खाली जाऊन वॉचमनलाही सांगून आले.

*

आता वकीलबाईंचा किस्सा. त्या मीटिंगला पोरांनाही बोलावलं होतं, कारण वकीलबाईंचा तसा आग्रहच होता. मृत्युपत्र कसं करायचं, ट्रस्ट म्हणजे काय, हे त्यांनी छान समजावलं. मग म्हणाल्या, "आता कायदेशीर पालक. पण ज्याच्यासाठी पालक नेमायचा त्याला आधी विचारायला हवं." आणि समोरच बसलेल्या केदारकडे वळल्या. "केदार, सांग बरं, तुला पालक कोण हवा?"

केदारने तोंड वाकडं केलं. "पालक नको. मेथी!"

अहो, हॉल कोसळायचा बाकी राहिला! वकीलबाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा घसरला. पटवर्धन सर टेबल वाजवून "शांतता! शांतता!" ओरडत होते आणि स्वतःच खिदळत होते. केदारला पालकाची भाजी लहानपणापासून नकोच असते. मीच मेली रक्त वाढतं म्हणून आग्रहाने वाढत आले.

हसणं थांबल्यावर वकीलबाईंनी पुन्हा विचारलं, या वेळी साध्या भाषेत. "केदार, एखादी मोठी गोष्ट ठरवायचीय. दवाखान्याची, बँकेची. आई नाहीये. तर तुझ्यासोबत कोण पाहिजे?"

मी त्यांना आधीच भावाचं नाव सांगून ठेवलं होतं. तेवढ्यात केदार म्हणाला, "ताई."

मी मध्येच बोलले, "अरे, मामा का नाही?"

"मामा सांगतो. ताई विचारते."

मीच मृणालचं नाव सांगितलं. वकीलबाईंनी भावाचं नाव खोडलं आणि मृणालचं लिहिलं.

मी बाहेर येऊन मृणालला फोन लावला. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आई, त्याने माझं नाव घेतलं? परत सांग ना." मी परत सांगितलं. मग तिने नवऱ्याला फोनजवळ बोलावलं आणि म्हणाली, "आता परत एकदा सांग."

*

सहा महिने संपत आले आणि माझा भाऊ बार्शीहून आला. गाडी घेऊनच आला. न्यायची वेळ आली तर सामानाला जागा हवी ना! मी त्याला उरवड्याला घेऊन गेले. आत जाताना माझ्या मनात एकच. भावाने म्हटलं "चल" आणि केदार खरंच गाडीत जाऊन बसला तर? गाडीची त्याला भारी हौस.

केदारने मामाला खुर्ची दिली. आत जाऊन स्वतः चहा करून आणला.

मामाने घोट घेतला. "काय रे, साखर घालायला विसरलास?"

"तुला शुगर आहे ना!"

मामा हसला आणि मुद्द्यावर आला. "चल की माझ्याकडे बार्शीला. मोठी गाडी आणलीय बघ."

केदारने दारातून गाडी बघितली. चांगली सगळीकडून बघितली. मग म्हणाला, "दिवाळीला येतो. चार दिवस."

"अरे, कायमचा चल!"

"नाही मामा. मला इथे कामं असतात."

आणि खरंच बाहेरून हाक आली, तसा तो मोटर बंद करायला निघून गेला. भाऊ बिनसाखरेचा चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. गाडीत बसल्यावर मला म्हणाला, "ताई, मी याला ठेवून घ्यायला आलो होतो गं. यानेच मला पाहुणा करून चहा पाजला!" त्याचे डोळे भरले होते. मी कशाला रडते? माझी मान पिरंगुट येईपर्यंत ताठ होती.

*

मग हौसाक्कांच्या अंगणात शेवटची मीटिंग झाली. आम्ही सगळे आईबाप, चारी पोरं, सोमनाथ, हौसाक्का. सरांनी एकेकाला विचारलं. चौघंही म्हणाले, इथेच राहायचं. ठरलं! यापुढे उरवड्याचं घर हेच केदारचं घर, माझ्याकडे तो सुट्टीला येणार.

इतकी वर्षं मी याच दिवसासाठी धडपडत होते. अभिमान तर इतका वाटत होता की कुणीही भेटलं असतं तर मिठी मारली असती. आणि त्याच वेळी मनात आलं, संध्याकाळी घरी जाऊन मी स्वयंपाक तरी कुणासाठी करायचा? मी पदराने नाक पुसलं आणि उन्हाने त्रास होतोय असं दाखवलं.

सर म्हणाले, "कुणाला काही विचारायचंय?"

केदारने हात वर केला. "कडेची खोली रिकामी झालीय."

हौसाक्का म्हणाल्या, "व्हय, कालच गेली ती पोरं. तुला येगळी खोली पायजे का रं?"

"मला नाही. आईला."

मी म्हटलं, "अरे, मला कशाला? मला माझं घर आहे की!"

केदारने माझ्याकडे बघितलंही नाही. तो उठून हौसाक्कांच्या शेजारी जाऊन बसला, मोठी माणसं व्यवहाराचं बोलायला बसतात तसा.

"ती घरी एकटी असते. तिला नाही जमत. आधी थोडे दिवस येऊ दे."

हौसाक्का पण त्याच्याशी तितक्याच गंभीरपणे बोलल्या. "आन् हितं करमलं न्हाई तर तिला?"

केदार त्यांच्या कानाशी वाकला. त्याला वाटलं, तो हळू बोलतोय. सगळ्या अंगणाला ऐकू गेलं.

"दोन दिवस रडेल. आपण लक्ष नाही द्यायचं."