निजलेल्या लॅपटॉपचा ताप

माझा राग नाकावर असतो. तो सगळ्यात जास्त मी बाबांवर काढला, आणि त्यातही एकदा तर एका लॅपटॉपपायी. सांगायचीही लाज वाटते.

गुलाबी बोंडअळीनं आमचा कापूस खाल्ला ते वर्ष. बियाणं बीटीचं, अळी लागणारच नाही म्हणून घेतलेलं. बोंडं बाहेरून हिरवीगार, फोडली की आत अळी. बाबांनी उभ्या पिकात गुरं सोडली. आई गेल्यापासून जानेफळच्या घरात आम्ही दोघंच, आणि आता मिळवती मी एकटी. दूरच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायचे, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही फुकटची सिस्टिम टाकून. वीज नऊला जायची ती चारला यायची. म्हणून सकाळी लॅपटॉप बाहेरच्या खोलीत, दिवा-पंख्याच्या बोर्डावरच चार्जिंगला लावायचा, झाकण लावून निजवायचा, वीज गेली की बॅगेत टाकायचा आणि घरकाम उरकून दोनला उघडायचा.

एका दुपारी उघडला तर मेलेला. दुसऱ्या दिवशीही तेच. साहेब फोनवर म्हणाले, अजून एकदा काम चुकलं तर आम्हाला दुसरं कोणी पाहावं लागेल.

वीज वाचवायचा सोस बाबांना. कुठं काही उगाच चालू दिसलं की बोर्डाचं बटन बंद. घरात माणसं दोन, मग चोर दुसरा कोण?

"बाबा, चार्जरचं बटन काऊन बंद केलं?"

"मी नाही केलं वं माय."

"मंग काय भुतानं केलं? तुमच्यापायी माही नोकरी जाऊन राह्यली! आजपासून त्या बोर्डाले हातच लावू नका!"

तिसऱ्या दिवशी मी चार्जरजवळ पहारा दिला. बटन चालूच होतं, बॅटरी शंभर टक्के. दुपारी बॅगेजवळून जाताना बाबा थांबले आणि त्यांनी तिच्यावर पालथा हात ठेवला. कापसाच्या गंजीत कोपरापर्यंत हात खुपसून आत कापूस तापला की नाही हे सांगणारा माणूस. म्हणाले, "याले ताप हाय. निजलं नाही हे."

"राहू द्या, तुम्हाले काय समजते त्यातलं!"

लॅपटॉप उघडला तर बॅटरी सपाट. म्हणजे बाबा खरं बोलत होते. पण ते कबूल करायला माझं तोंड उघडेना. शेजारणीच्या मोबाइलवरून कसंबसं त्या दिवसाचं काम पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी चिखलीला जाऊन नवी बॅटरी आणली. तीही दुपारपर्यंत खलास! वायफाय बंद केलं, ब्लूटूथ बंद केलं, काही फरक नाही. शेवटी इंटरनेटवर शोधता शोधता कुणा परदेशी माणसाची तक्रार सापडली. लॅपटॉप माझ्यासारखाच. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, नवीन टाकल्यापासून झाकण लावलं तरी मशीन झोपत नाही, आत जागंच राहतं आणि बॅटरी पितं. नवीन कर्नल मीच टाकला होता, मोठ्या ऐटीत.

नशीब, जुना कर्नल अजून आत होता. सुरू करताना यादीतून तो निवडला, झाकण लावलं, पाच तास हात लावला नाही. उघडलं तर दोन टक्के कमी, फक्त दोन! मी हात ठेवून पाहिला. गार होता. ताप आहे हे बाबांनी आठ दिवसांपूर्वी नुसत्या हातानं ओळखलं होतं.

नोकरी वाचली म्हणून मी नाचतच बाहेरच्या खोलीत गेले. दिवस मावळला होता. बाबा अंधारात खाटेवर बसलेले, पंखा बंद, बनियन घामानं चिंब. शेजाऱ्यांच्या घरातला टीव्ही मात्र चालू होता.

"अंधारात काऊन बसले बाबा? लाइट तं हाय."

"हाव. तू येशीन म्हणून वाट पाहून राह्यलो," ते सहज म्हणाले. "बोर्डाले हात लावू नको म्हणली होतीस ना तू."

मला एकदम सगळं दिसलं. आठ दिवस मी खोलीत आले की पंखा लावत होते, आणि तो बंद का असतो हे एकदाही विचारलं नव्हतं.

मी दिव्याचं आणि पंख्याचं बटन दाबलं.

"त्याचा ताप उतरला काय वं?" त्यांनी विचारलं.

"उतरला," मी म्हणाले.

नंतर कितीदा म्हटलं, बाबा, लावत जा हो पंखा. ते हसायचे आणि मला हाक मारायचे. त्या बोर्डाला त्यांनी मरेपर्यंत हात लावला नाही.