अठरा किलोमीटर आणि गुळाचा खडा

पुण्याहून निघताना माझ्या पिशवीत कपड्यांपेक्षा बूट जास्त होते. नवरा म्हणाला, "मे महिन्यात लोक महाबळेश्वरला जातात. तू जळकोटला पळायला चाललीस. धन्य आहेस!"

त्याचं काही चुकत नव्हतं. पण जळकोटला शेती करणारी माझी कॉलेजची मैत्रीण सुमन कित्येक वर्षं बोलावत होती, आणि मला एका गोष्टीचा निकाल लावायचा होता. गेल्या वर्षी अर्धमॅरेथॉनमध्ये एकवीसपैकी सतराव्या किलोमीटरला मी रस्त्याच्या कडेला बसले आणि आयोजकांच्या गाडीतून परत आले. एक्कावन्नाव्या वर्षी सगळ्या सोसायटीदेखत त्या गाडीतून उतरणं फार झोंबलं. म्हणून मनाशी ठरवलं होतं, या उन्हाळ्यात अठरा किलोमीटर पळायचे. जमलं तर पुढच्या शर्यतीचा फॉर्म भरायचा, नाहीतर बूट भाचीला देऊन टाकायचे. हे मी फक्त सुमनला फोनवर सांगितलं होतं.

सोलापूरला एसटी बदलली. नळदुर्गपाशी ढाब्यांसमोर ट्रकांची रांग लागली होती आणि चालक बाजांवर आडवे झाले होते. पुढे दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी ढेकळं, मधूनच एखादं कडुलिंबाचं झाड. जळकोटला उतरले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि माझी जीभ टाळूला चिकटली होती. सुमनच्या हातात तांब्या दिसताच मी झडप घातली. तिनं तो मागे घेतला.

"आधी सावलीत टेक. गूळ खा. मग पाणी. उन्हातनं आलेल्या माणसानं उभ्यानं पाणी प्यायचं न्हाय."

मी टेकले, गुळाचा खडा चघळला, मग पाणी प्यायले. इतकं गोड पाणी मी फार दिवसांत प्यायले नव्हते. संध्याकाळी दह्याबरोबर ज्वारीचे धपाटे आले. मी चार खाल्ले. पळणाऱ्या माणसानं आहार सांभाळावा म्हणतात, पण ते म्हणणाऱ्यानं सुमनचे धपाटे खाल्लेले नसावेत.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघाले. पहिल्याच वळणावर मागून मोटरसायकल आली. मागच्या सीटवर पेंडीचं पोतं आणि हँडलला टांगलेल्या चार पिशव्या. हे शिवलिंगप्पा, गावातले किराणा दुकानदार.

"ताई, यष्टी हुकली का? बसा, पोतं पुढं घेतो."

"नाही हो अण्णा, मी पळतेय."

"ते दिसायलंय. पण का?"

या प्रश्नाला पुण्यात माझ्याकडे बरीच उत्तरं होती. तिथं "तब्येतीसाठी" एवढंच म्हणाले. ते बिचारे अर्धा किलोमीटर माझ्या वेगानं गाडी चालवत सोबत आले. घरात कुणी आजारी आहे का, भांडण झालं का, सगळं विचारून घेतलं. मी परतले तोवर सुमनच्या पाहुणीची एसटी हुकल्याची बातमी गावभर झाली होती.

खरी अडचण मात्र वेगळीच निघाली. वाटेवरच्या वस्त्यांवरून हाका येत. "ओ बाई, पाणी पिऊन जा!" पाणी म्हणजे बसणं आलं, गूळ आला, माहेर कुठलं हे आलं. गंगाबाई नावाच्या सत्तरीतल्या म्हातारीचं घर तर अगदी रस्त्यालगत होतं. माझ्या प्रशिक्षकानं पुण्यातच बजावलं होतं, "थांबायचं नाही. बसलात की संपलं." दोन दिवस मी गंगाबाईंकडे थांबले आणि दोन्ही दिवस स्वतःवर चिडले. तिसऱ्या दिवशी नुसता हात हलवून तशीच पुढे पळाले.

दोन किलोमीटरवर डोळ्यांपुढे अंधारी आली. पुलाच्या कठड्याला धरून बसले. शिवलिंगप्पांनीच मला गाडीवर घालून माघारी आणलं, ते थेट गंगाबाईंच्या दारातल्या कडुलिंबाखाली. "कूड्री, कूड्री (बसा, बसा)," म्हणत त्यांनी गळ्यातल्या पंच्यानं मला वारा घातला. घाबरले की ते कानडीत बोलतात.

गंगाबाईंनी गूळ हातावर ठेवला आणि तोंडाचा पट्टा सोडला. "तान्हेली बाई माझ्या दारावरनं गेली! लोक मला काय म्हणतील? कशापायी गेलीस?"

मी प्रशिक्षकाचं म्हणणं सांगितलं. अठरा किलोमीटरचंही सांगितलं. म्हातारी पदर तोंडाला लावून हसली.

"आमी धसकटं (कापणीनंतर रानात उरलेले खुंट) येचतो, तवा अख्ख्या रानाकडं बघतो व्हय? पात (आपल्या वाट्याचा पट्टा) धरायची. पात सरली की झाडाखाली टेकायचं, गूळ खायाचा, पाणी प्यायाचं, दुसरी धरायची. तू अठराकडं बघायलीस. पात बघ, माय."

चाळीस-पन्नास उन्हाळे भर रानात काढलेल्या बाईचं ऐकायचं ठरवलं. अठराच्या तीन पाती केल्या, सहा-सहा किलोमीटरच्या.

रविवारी सुमनच्या शेतातून निघाले. आतल्या रस्त्यांनी नळदुर्गचा किल्ला माझ्या घड्याळानं बरोबर अठरा किलोमीटर भरत होता. सहा किलोमीटरला पहिली पात संपली, बसले, गूळ खाल्ला, उठले. बाराला दुसरी. वस्त्यांवरची माणसं आता "यष्टी हुकली का" विचारत नव्हती. "कितवी पात?" विचारत होती. मी ओरडून सांगत होते आणि मला वेड्यासारखं हसू येत होतं.

सतराला पाय संपले. ऊन चटकायला लागलं होतं. बाभळीच्या विरळ सावलीत मी मटकन बसले आणि मला रडूच आलं. तोच आकडा, तसंच बसणं. तेवढ्यात शिवलिंगप्पांची गाडी आली. मागं गंगाबाई बसल्या होत्या, मांडीवर पाण्याची कळशी घेऊन.

"अण्णा," मी म्हणाले, "मला किल्ल्यापर्यंत सोडा. बस झालं."

ते भल्या मनाचे. लगेच म्हणाले, "मावशी, तुमी जरा उतरा."

"म्या न्हाय उतरत," गंगाबाई म्हणाल्या. "माझी जागा हाय ही. तिला म्या पाणी देते."

त्यांनी बसल्या जागेवरून गूळ दिला, पाणी दिलं आणि कळशी पुन्हा मांडीवर घेतली. मी गूळ संपवला. पाणी प्यायले. आता करण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं, म्हणून उठले. पहिली शंभर पावलं लंगडत गेले, मग पळाले.

पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यात दोन धबधबे कोसळतात, नर आणि मादी. मे महिन्यात तिथं नुसता कोरडा खडक होता. दारापाशी घड्याळात अठरा उमटले तेव्हा मला तो खडकही सुंदर दिसला. मी गंगाबाईंना घट्ट मिठी मारली. "घाम पूस आधी," त्या म्हणाल्या. मग महामार्गावरच्या ढाब्यावर आम्ही तिघांनी भजी खाल्ली, आणि गंगाबाईंनी चहात दोनदा साखर घालून घेतली.

पुण्याला परतल्यावर प्रशिक्षकानं घड्याळातली नोंद पाहिली. कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "तीनदा थांबलात? सतराव्याला तर चक्क बसलात! गेल्या वर्षीही हेच झालं होतं."

"हो," मी म्हणाले, "पण गेल्या वर्षी बसल्यावर उठायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

आणि त्याच्यासमोरच फॉर्म भरला.